डाव्या हाताची किटली

डावरीची किटली उजव्या हाताने उचलली, तर चहा कपात न पडता बशीत पडतो, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून मांडीवर. यात किटलीची काही चूक नाही. तिचा दांडा तव्याच्या दांड्यासारखा आडवा बाहेर येतो, आणि तो आपल्याकडे करून धरला की तोटी उजवीकडे निघते, कारण ती केलेलीच आहे डाव्या हातासाठी. डाव्या हातात घ्या, मनगट जरासं आत वळवा, टेबलाला थेंब लागणार नाही. पण आठवडी बाजारात उभं राहून एवढं ऐकून घ्यायला वेळ कुणाला असतो? लोक यायचे, उजव्या हाताने किटली उचलायचे, ओतल्यासारखं करायचे, तोंड वाकडं करायचे आणि "छान आहे हं" असं म्हणून शेजारच्या मेणबत्तीवाल्याकडे वळायचे. त्या "छान आहे हं"चा डावरीला जेवढा राग यायचा, तेवढा एखाद्या शिवीचाही आला नसता.

डावरी हे तिचं घरातलं नाव. थोरल्या भावाने लहानपणी चिडवायला म्हणून ठेवलं, तिने चिडायचं सोडून दिलं आणि नाव तेवढं राहिलं. भांडं ओलं असतानाच त्याच्या बुडाला ती लाकडी शिक्का मारायची, त्यावरही 'डा' एवढंच अक्षर होतं. इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी कुणाची तरी गाडी उभी असायची, त्या गाळ्यात तिचं चाक होतं, भट्टी होती आणि माती भिजवायच्या बादल्या होत्या. चाकसुद्धा उलटं फिरायचं. ते जुनं चाक तिने विकत घेतलं तेव्हा ते सगळ्या चाकांसारखंच उजव्यांचं होतं, आणि शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं होतं की हात बदल, होईल सवय. त्याच सुमारास इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला एक माणूस आला होता. चाकाची मोटर उलटी फिरवता येईल का, असं डावरीने त्याला गाठून विचारलं. का म्हणून विचारायच्या भानगडीत तो पडला नाही. त्याने तारा बदलल्या, चाक फिरवून दाखवलं आणि हात पुसून लिफ्टकडे परत गेला. याच्याशी लग्न करायचं, हे डावरीने तिथेच ठरवून टाकलं, आणि केलंही.

तर माल उत्तम, नवरा चांगला, आणि खप शून्य. दुपारपर्यंत ती दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात प्लास्टरचे साचे काढायची आणि उरलेल्या वेळात किटल्या करायची. किटल्या फळीवर चढत गेल्या आणि फळी वाकत गेली. एके दिवशी भावाची बायको गाळ्यात आली, तिने ती वाकलेली फळी बघितली आणि खुर्ची ओढून बसली.

वहिनीबद्दल सांगायचं तर, तिच्या तावडीत सापडलेला माणूस प्रसिद्ध झाल्याशिवाय सुटत नाही. मोठ्या जाहिरात कंपनीत तिने साबण विकले, विमे विकले, गाद्या विकल्या. मग नोकरी सोडून घरच्या जेवणाच्या टेबलावरून लहान धंदेवाल्यांच्या जाहिराती करायला लागली. तिने बेकरीवाल्याला उभं केलं, शिंपिणीला उभं केलं, आणि नणंद मात्र बाजारात माशा मारत बसलेली. हे तिच्या धंद्याला कमीपणा आणणारं होतं. तुझं काय काय चुकतंय सांगू का, असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगायला सुरुवात केली. डबा चुकीचा, टेबलावरचं कापड चुकीचं, गिऱ्हाइकाकडे बघायची नजर तर फारच चुकीची.

डावरीने सगळं मान्य केलं, फक्त एक गोष्ट मागितली. धंद्याचं नाव 'डावं' ठेवायचं.

"अजिबात नाही," वहिनी म्हणाली. "उजवं म्हणजे सरस, डावं म्हणजे कमी. लोकांना वाटेल तडे गेलेला माल विकतेय. भाषाच तुझ्या विरोधात आहे, त्याला मी काय करू?"

शेवटी नाव ठरलं 'मातीची माया'. डावरीच्या अंगावर काटा आला, आणि तो काही आनंदाचा नव्हता. पण विकायचं काम आपल्याला जमत नाही हे ती स्वतःशी कबूल करून बसली होती, आणि ज्याचं काम त्याला करू द्यावं असं तिचं तत्त्व होतं. वहिनीने एक फोटोवाला आणला. त्याने गाळ्यात पांढरे पडदे लावले, डावरीचे केस विस्कटले, पुन्हा वेगळ्या तऱ्हेने विस्कटले, आणि चाकावर बसलेली डावरी, माती मळणारी डावरी, खिडकीपाशी चहा ओतणारी डावरी असे फोटो काढून नेले. काही दिवसांनी वहिनीने ते इंटरनेटवरच्या पानावर चढवले आणि डावरीला दाखवले.

डावरीला आश्चर्य वाटलं ते स्वतःचंच. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपला फोटो आवडला. एरवी फोटोतली बाई कुणीतरी भलतीच वाटायची, नाकाने जरा तिरकी, भांग नको तिकडे. ही मात्र आपण आहोत तशीच होती. किटलीही झकास दिसत होती. वहिनीचा हात लागला की फरक पडतो तो असा, असं तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा फोन फक्त बोलायला वापरायचा. त्याने मान डोलावली आणि जेवायला बसला.

आणि किटल्या खपायला लागल्या. वहिनी रोज काहीतरी लिहायची, कधी मातीबद्दल, कधी सकाळबद्दल, कधी निवांतपणाबद्दल, आणि लोक ते वाचून किटल्या मागवायचे. वाकलेली फळी रिकामी झाली, भट्टी पुन्हा पुन्हा पेटली. डावरीने कवळ्यांच्या कारखान्यात राजीनामा दिला. तिथल्या मालकाने तिला निरोपाला प्लास्टरचा एक दात दिला, आणि तो घेऊन ती घरी आली तेव्हा रस्त्याने एकटीच हसत होती.

मग किटल्यांचे डबे परत यायला लागले. पहिला परत आला तेव्हा तिला वाटलं, फुटली असेल. किटली धडधाकट होती. दुसरा आला, तिसरा आला, प्रत्येकाबरोबर तक्रार एकच: फोटोत दाखवल्याच्या उलटी वस्तू पाठवली आहे. एकाने तर लिहिलं की दांडा चुकीच्या बाजूला चिकटवलाय, कारागीर नवशिका दिसतो. डावरी फोन घेऊन बसली. फोटो बघितला, किटली बघितली, पुन्हा फोटो बघितला. तिला काही केल्या फरक दिसेना.

फरक दाखवला नवऱ्याने. त्याने तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावून बघितलं आणि सहज विचारलं, "तू घड्याळ डाव्या हातात कधीपासून घालायला लागलीस?"

ती घड्याळ उजव्याच हातात घालायची, सगळे डावरे घालतात तसं. फोटोतल्या बाईच्या डाव्या मनगटावर घड्याळ होतं आणि उजव्या हातात किटली होती. फोटो उलटा केलेला होता, एकच नव्हे, सगळेच. बुडाच्या शिक्क्याचा फोटोसुद्धा उलटा, 'डा'चा काना अक्षराच्या आधी.

हे दुसऱ्या कुणाच्याही पहिल्याच दिवशी लक्षात आलं असतं. फक्त डावरीच्या आलं नाही, आणि त्याला कारण होतं. कुंभारकाम करणारे चाकासमोर आरसा ठेवतात, म्हणजे मान न वाकवता भांड्याची कड सरळ चढतेय की नाही ते दिसतं. तिची प्रत्येक किटली तिने आधी आरशात घडताना बघितली होती. शिक्का तर तिने स्वतः कोरलेला, आणि शिक्का कोरायचा उलटाच असतो. सरळ आणि उलटं, दोन्ही तिला सारखंच ओळखीचं. आणि तो चेहरा आवडला का, तर रोज आरशात भेटतो तोच होता म्हणून. तिला इतकी लाज वाटली की तिने फोन उशीखाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती वहिनीकडे गेली. वहिनीने काहीच नाकारलं नाही. तिच्या दृष्टीने यात नाकारण्यासारखं काही नव्हतंच. वाचणाऱ्याची नजर डावीकडून उजवीकडे जाते, दांडा उजवीकडे असला की हात आपोआप पुढे होतो, हे शास्त्र आहे. साबणाच्या बाटलीचंसुद्धा असंच करतात. आणि चिडायचं सोडून ऐक, असं म्हणून तिने मोठी बातमी सांगितली. घरसामानाच्या एका मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाईंनी ते पान बघितलं होतं. त्यांना किटल्या हव्या होत्या, एक सबंध भिंत भरून, कायमच्या. फक्त फोटोत आहेत तशा.

"दांडा दुसऱ्या बाजूला चिकटव," वहिनी म्हणाली. "बाकी सगळं तेच. तुझ्या तर डाव्या हातचा मळ आहे."

डावरीला त्यातला विनोद कळला, पण हसू आलं नाही. एका परीने वहिनीचं बरोबर होतं. दांडा इकडचा तिकडे करायला काय लागतं? माती तीच, हात तोच. भिंत मिळाली तर गाळा राहील, भट्टी राहील, पुन्हा कवळ्यांच्या साच्यांकडे जावं लागणार नाही. नाही मिळाली तर परत आलेल्या डब्यांचा ढीग आहेच. तिने घरी येऊन एक किटली उजवी केली. मनापासून केली, चिडून मुद्दाम वाईट केली नाही.

भट्टीतून निघाल्यावर तिने चहा केला आणि ती उजव्या हातात धरली. हात लाकडासारखा ताठ. धार जाड पडतेय ती तोटीमुळे की आपल्या मनगटामुळे, हेच तिला कळेना. तिच्या प्रत्येक किटलीची धार तिने स्वतः ओतून बघितलेली असायची, कुठे तोटी अजून जरा खाली घ्यायची ते हाताला कळायचं. इथे हात मुका होता. तिने नवऱ्याला ओतायला सांगितलं. तो उजवा; इतकी वर्षं तो तिच्या किटलीतून डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, न सांडता चहा ओतत आला होता. त्याने ही उचलली आणि इकडे तिकडे बघत, बोलता बोलता दोन्ही कप भरले.

"कशी आहे?" तिने विचारलं.

"मस्त. काही त्रास नाही." त्याने किटली खाली ठेवली. "अशी आमच्या आईकडे पण होती. सगळ्यांकडेच असते ना."

तो एवढंच बोलला आणि कामावर गेला. डावरीने ती किटली बादलीत ठेवून हातोडीने फोडली, आणि वहिनीला फोन करून सांगितलं की दुकानात येते, पण किटली माझी आणीन.

खरेदीवाल्या बाईंच्या खोलीत भिंतभर नमुने मांडले होते, वाट्या, ताटल्या, फुलदाण्या, सगळं एका रंगाचं, भिजवलेल्या पिठाच्या. बाई सभ्य होत्या. त्यांनी दोघींना बसवलं, चहा मागवला, पानाचं कौतुक केलं. वहिनी खुलली, आकडे सांगायला लागली, लोक किती वेळ फोटोवर थांबतात वगैरे. डावरीने पिशवीतून किटली काढली, त्यात आलेला चहा ओतला आणि ती बाईंच्या पुढे सरकवली. बाईंनी उजव्या हाताने उचलली. चहा बशीत गेला, बशीतून कागदांवर, आणि थोडा त्यांच्या बाहीवर.

"फोटोत अशी नव्हती," बाई बाही झटकत म्हणाल्या.

"फोटो खोटा होता," डावरी म्हणाली. टेबलाखाली वहिनीचा बूट तिच्या नडगीवर आदळला.

बाईंनी कागद बाजूला केले आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की त्यांच्या दुकानाचा साधा नियम आहे, वस्तू वापरायला गिऱ्हाइकाला काही शिकावं लागता कामा नये. दांडा बदलला तर आज सही करता येईल. गिऱ्हाइकाने का म्हणून शिकायचं?

डावरीला वाटलं होतं आपला आवाज चढेल. तो चढला नाही.

"मी जन्मभर शिकतेच आहे," ती म्हणाली. "तुमच्या खालच्या मजल्यावर कात्र्या आहेत, त्या धरल्या की माझा अंगठा सोलवटतो. बँकेत पेन उजव्या बाजूला दोरीने बांधलेलं असतं, ती दोरी माझ्या हातापर्यंत पोचत नाही. शाळेत लिहायची फळी खुर्चीच्या उजवीकडे, मी सगळी शाळा अंग पिळून लिहिलं आणि वर अक्षराबद्दल छड्या खाल्ल्या. जमतंय का म्हणून मला कुणी विचारलं नाही. मी शिकले. एक किटली तुम्ही शिका."

बाईंनी विचारलं, डावखुरे असून असून असतात किती?

"माझी भट्टी भरेल इतके असतात," डावरी म्हणाली आणि किटली पुसून पिशवीत ठेवली.

रस्त्यावर आल्यावर वहिनी थांबली आणि म्हणाली, "बरं, वन्सं." वन्सं हा शब्द ती फक्त तळपायाची आग मस्तकात गेली की वापरायची. तिने डावरीला सांगितलं की त्या बाईंपर्यंत पोचायला तिने कुणाकुणाचे उंबरे झिजवले, आणि आज भर ऑफिसात तिचं नाक कापलं गेलं. डावरीने सगळं ऐकून घेतलं. नाक कापलं होतं हे खरंच होतं.

"तू मला जगासमोर उजवी केलीस," ती म्हणाली. "आणि मला विचारलंसुद्धा नाहीस."

"मी तुला चांगली दाखवली."

"तेच म्हणतेय मी."

वहिनी निघून गेली. संध्याकाळी तिने पानाचा पासवर्ड पाठवला, पुढेमागे एक शब्द नाही. डावरीने कसाबसा फोटो सरळ करून चढवला. घड्याळ उजव्या हातात आलं, किटली डाव्या हातात आली, आणि चेहरा पुन्हा नाकाने तिरका झाला. पानाचं नाव पुसून तिने 'डावं' केलं आणि खाली लिहिलं: आधीचे फोटो उलटे होते. ही किटली डावी आहे. उजव्या हाताने ओताल तर चहा सांडेल, आणि तो सांडायलाच हवा. मी आयुष्यभर तुमच्या वस्तू शिकले, एक किटली तुम्ही शिका.

सकाळी बघते तर अक्षरं मोठी झाली होती, ओळी नीट तोडल्या होत्या, फोटोची कड कापून सरळ केली होती. शब्द एकही बदललेला नव्हता. वाकडं लागलेलं पोस्टर बघून झोप न येणारी बाई शहरात एकच होती, आणि ती अजून फोन उचलत नव्हती.

पान गळायला लागलं. निवांत सकाळ आवडणारे लोक पटापट निघून गेले. काहींनी जाताना लिहिलं की गिऱ्हाइकाशी बोलायची ही रीत नव्हे. पण जे थांबले ते लांबलचक लिहायला लागले. कुणाची लहानपणी डाव्या हाताची बोटं बांधून ठेवली होती, कुणी वडिलांसमोर अजून उजव्या हाताने जेवत होतं. एका न्हाव्याने कात्री करून द्याल का म्हणून विचारलं. मातीची कात्री कशी होणार हे त्याला डावरीने सविस्तर समजावलं, तर त्याने किटलीच मागवली. खप थोडा होता, पण विकलेलं परत येत नव्हतं. कवळ्यांच्या कारखान्यात तिने आठवड्यातून अर्धे दिवस पुन्हा मागून घेतले आणि दात मालकाच्या टेबलावर परत ठेवला. त्याचं तिला वाईट वाटलं, नाही असं नाही.

बाजारात तिने आता टेबलावर पाटी उभी केली होती, तिनेच रंगवलेली: 'डावं'. चहा तयार असायचा. ज्याला किटली घ्यायची त्याने आधी ओतून दाखवायचं. मेणबत्तीवाल्याने तिला वेड्यात काढलं, पण त्याच्यापुढून माणसं उठून तिच्या टेबलाशी गोळा व्हायला लागली, दुसऱ्याची फजिती फुकटात बघायला मिळते म्हणून का होईना.

त्या गर्दीतून एका दुपारी वहिनी पुढे आली. तिने टेबलावरच्या कापडाकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, 'वं' वरचा अनुस्वार फार मोठा झालाय असं म्हणाली. डावरीने तो तसाच राहील असं सांगितलं. इतके महिने वहिनी ही किटली विकत होती, तिच्यावर लिहीत होती, तिच्यापायी भांडली होती. पण तिच्यातून चहा तिने एकदाही ओतला नव्हता. डावरीने किटली भरली आणि दांडा तिच्याकडे करून धरली.

वहिनीने उजवा हात पुढे केला. डावरीने किटली सोडली नाही. वहिनीने तिच्याकडे बघितलं, भोवतीच्या लोकांकडे बघितलं, उजवा हात मागे घेतला आणि डावा पुढे केला. धार कपाच्या कडेवर आपटली आणि निम्मा चहा कापडावर पसरला. लोक हसले. वहिनीचा चेहरा लाल झाला. चारचौघांत एखादी गोष्ट जमली नाही असं तिच्या बाबतीत बहुतेक पहिल्यांदाच होत होतं.

"मला नाही जमत हे," ती हळू आवाजात म्हणाली आणि पुसायला काही मिळतंय का ते बघायला लागली.

डावरीला तिची फार दया आली. फडकं तिच्याच खांद्यावर होतं, पण ते तिने काढलं नाही.

"शाळेत मलाही जमत नव्हतं," ती म्हणाली आणि दुसरा कप पुढे सरकवला. "पुन्हा ओत."